जुनी डिझेल गाडी धूर मारतेय? रंग नंतर बघा, आधी वेळ लिहून ठेवा

डिझेल फवारणारे इंजेक्टर खोलून झाले, त्यांची दोन नॉझल (फवाऱ्याची तोंडं) बदलली, एअर फिल्टर नवा टाकला. महिनाभर बरं वाटलं आणि एका चढावर गाडीनं मागच्याच्या तोंडावर पुन्हा काळा ढग सोडला. माझ्या जुन्या टर्बो डिझेल गाडीचं असं तीनदा झालं. दोष निघाला एका रबरी पाइपात, आणि तोवर मी इंजिनाच्या भलत्याच टोकाला पैसे ओतत बसलो होतो. त्यानंतर मित्रांच्या गाड्यांखाली बरेच रविवार गेले. त्यातून जे हाती लागलं ते एकदा सविस्तर लिहून काढतो.

धूर म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: रंग कुठला? काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल नाहीतर पाणी. यात चूक काही नाही. पण रंगावरून गल्ली कळते, घर सापडत नाही. काळ्या धुराची निदान दहा कारणं आहेत आणि त्यातली निम्मी एकमेकांसारखीच दिसतात. घर सापडतं ते धूर कधी येतो यावरून. सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर? सिग्नलला पाच मिनिटं थांबून निघताना? तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पाय पूर्ण दाबल्यावर? उतार संपून पुन्हा ॲक्सिलरेटर देताना?

म्हणून पाना हातात घेण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. इंजिन थंड की गरम, चढ की सपाट, आरपीएम साधारण किती, डोळ्यांना झोंबतो का, वास कसला, ऑइल आणि कुलंट किती उतरलं. शेवटच्या कामात काय बदललं तेही लिहा. ‘टायमिंग बेल्ट बदलल्यापासून’ एवढे दोन-तीन शब्द कधी कधी अख्खं निदान असतात.

रंग बघायचाच तर नीट बघा. समोरून ऊन असलं की निळा धूरही पांढुरका दिसतो, गडद भिंतीसमोर त्याची निळसर झाक उठून दिसते. आरशात बघून अंदाज करू नका, दुसऱ्याला मागच्या गाडीत बसवा. आणि सायलेन्सरच्या तोंडापासून फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा अर्धा मिनिट धरा. कोरडी काळी काजळी बसली तर डिझेल, तेलकट ठिपके पडले तर ऑइल, नुसता ओला झाला आणि सुकल्यावर डाग राहिला नाही तर पाणी. ही युक्ती फार शास्त्रीय नाही, पण मला ती क्वचितच चकवते.

काही धूर दोष नसतो, हेही आधी सांगायला हवं. जुन्या टर्बो गाडीत पाय जोरात दाबला की डिझेल लगेच वाढतं, टर्बोला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, फिरायला मात्र वेळ लागतो. त्या फटीत एक काळी फुंकर निघते. सेकंद-दोन सेकंदांत साफ झाली तर सोडून द्या, पूर्ण चढभर चालू राहिली तर पुढे वाचा. तसंच थंडीतल्या सकाळची वाफ. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे लिटरभर पाणी तयार होतं आणि थंड पाइपात ते वाफ होऊन दिसतं. पाइप तापला की गायब. मात्र गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल आणि तरीही सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवल्यावर काळं होत असेल, तर तो फिल्टर आतून फुटलाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

सकाळचा पांढरा धूर

डिझेल इंजिनात स्पार्क नसतो. हवा १६ ते २२ पट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन थंड असलं की ही उष्णता लोखंडच खाऊन टाकतं, म्हणून प्रत्येक सिलिंडर आतून तापवणारे हीटर प्लग. चारातला एक मेला की तो सिलिंडर पहिला अर्धा-एक मिनिट डिझेल न जाळताच बाहेर फेकतो. धूर पांढरा-राखाडी, डोळ्यांत पाणी आणणारा, आणि गाडी तीन पायांवर उभी असल्यासारखी हलते. मग हळूहळू सुरळीत होते आणि मालक म्हणतो, ‘गरम झाल्यावर काही नाही हो.’

तपासायला मल्टिमीटर पुरतो. प्लगांवरची जोडपट्टी काढा आणि प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिनची बॉडी असा रोध मोजा. चांगला थंड प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. मेलेला काहीच दाखवत नाही. चारही ठीक असतील तर की फिरवल्यावर त्या पट्टीपर्यंत करंट येतो का बघा, कारण रिलेही जातो. प्लग बाहेर काढून थेट बॅटरीवर लाल करून बघायची जुनी पद्धत सरसकट वापरू नका. काही गाड्यांचे प्लग १२ व्होल्टपेक्षा बरेच कमी व्होल्टेजचे असतात, क्षणात जळतात. आणि जुना प्लग खोलताना घाई नको. इंजिन गरम असताना, गंज सोडवणारं तेल मारून, हलके हलके मागेपुढे करत. प्लग हेडमध्ये तुटला की तासाभराच्या कामाचे चार दिवस होतात.

प्लग चांगले निघाले तर पुढचा संशय डिझेलनं एअर घेतल्याचा. रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे परततं, सकाळी सेल्फ लांबतो, गाडी धूर मारत, अडखळत चालू होते. फिल्टरपासून पंपापर्यंतच्या कमी दाबाच्या लाइनमध्ये फूटभर पारदर्शक पाइप बसवून बघा. बुडबुडे दिसले की पाइपाच्या क्लिपा, फिल्टरचं वॉशर आणि हँड पंप यांतलाच एक गुन्हेगार.

तेही नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. डिझेलचं वेगळं गेज लागतं, पेट्रोलचं हा दाब झेलत नाही. आकडा २० ते ३० बारच्या घरात असतो, पण एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तीन २६ वर आणि एक १९ वर असेल तर उत्तर मिळालं. पेट्रोल इंजिनात करतात तसं सिलिंडरमध्ये भरपूर ऑइल ओतून दुसऱ्यांदा मोजू नका. डिझेलच्या वरच्या पोकळीत जागाच नसते, ऑइल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बेल्टच्या कामानंतर लगेच पांढरा धूर सुरू झाला असेल तर वरचं सगळं सोडा आणि टायमिंग, म्हणजे डिझेल नेमकं कुठल्या क्षणी पडतं ते, तपासा. जुना मेकॅनिकल पंप एक दात मागे बसला तरी डिझेल उशिरा पडतं, नीट जळत नाही. काम करणारा ‘मार्क बरोबर होते’ म्हणेलच.

चढावरचा काळा धूर

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, कारण काळा धूर म्हटलं की बोट थेट पंप आणि इंजेक्टरकडे जातं. माझा आग्रह उलटा आहे. आधी हवेचा रस्ता, पूर्ण. तो निर्दोष ठरेपर्यंत डिझेलच्या बाजूला हात लावायचा नाही.

कागदावर एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल आयत्या वेळी फवारलं जातं, हवेत नीट मिसळायला त्याला वेळ मिळत नाही. त्यामुळे धूर टाळायला प्रत्यक्षात यापेक्षा बरीच जास्त हवा हवी. थोडी जरी कमी पडली तर पहिला परिणाम दिसतो तो काजळीचा.

आता माझी गाडी. कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक नळीत जबर दाबानं भरलेलं डिझेल कॉम्प्युटरच्या हुकमानं इंजेक्टर सोडतात. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे, मग टर्बो, मग टर्बोतून तापून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला खालच्या अंगाला बोटभर चीर पडली होती. उभ्या गाडीत ती ओठ मिटल्यासारखी बंद. चढावर टर्बोनं दाब भरला की उघडायची आणि मोजलेली हवा बाहेर. कॉम्प्युटरच्या हिशेबात ती हवा इंजिनात पोहोचलेली असायची, त्यामुळे तो तेवढ्या हवेचं डिझेल इमानेइतबारे पाठवत राहायचा. परिणाम: काळा धूर, मंद पिकअप, घसरलेलं ॲव्हरेज.

तीनदा हे सापडलं का नाही? कारण गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी न्यूट्रलवर रेस देऊन धूर बघितला गेला. न्यूट्रलवर इंजिनाला ओझं नसतं, ओझं नाही म्हणजे टर्बोचा दाब नाही, दाब नाही म्हणजे चीर बंद आणि धूर जवळपास नाही. ‘आता बघा, साफ झाली,’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. तो चुकीच्या वेळी बघत होता, एवढंच.

असा पाइप शोधायला बोटं वापरा. प्रत्येक होस बाहेरून, विशेषतः खालून आणि क्लिपपाशी चाचपा. जिथे ऑइलचा ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसेल तिथून हवा निघते. इंजिन बंद ठेवून पाइप पिळून, वाकवून बघा, मिटलेली चीर तेव्हाच तोंड उघडते. चढावर काच खाली करून ‘फुस्स’ ऐकू येतं का ते बघा. टर्बोची शिटी अचानक मोठी झाली असेल तर तीही बऱ्याचदा गळतीची शिटी असते.

पाइप चांगले निघाले तर ईजीआर व्हॉल्व्ह. जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडणारी ही झडप काजळीनं अर्धी उघडी अडकते आणि चढावर, जेव्हा शुद्ध हवेची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाही धूरच आत ढकलत राहते. व्हॅक्यूमवर चालणारी असेल तर तिची बारीक नळी काढून तोंड बंद करा आणि तोच चढ चढून बघा. फरक पडला, तर झडप अडकलेली नव्हती, तिला भलत्या वेळी उघडण्याचा हुकूम मिळत होता, म्हणून व्हॅक्यूम सोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) बघा. फरक नाही पडला तर झडप खोलून डोळ्यांनी बघा. सोबत इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतही, डोकवा. ऑइलची वाफ आणि काजळी मिळून आत डांबरासारखा थर जमतो. दोन बोटांच्या वाटेची करंगळीएवढी झालेली मी पाहिली आहे. ईजीआर कायमची बुजवून टाका असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मी तो देत नाही. साफ करून बसवा.

टर्बो आतल्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या प्रकारचा असेल तर इंजिन चालू करताना ॲक्च्युएटरचा, म्हणजे ती पाती हलवणारा, दांडा हलतो का बघा. व्हॅक्यूमवाल्या बहुतेक टर्बोत तो चालू होताच आत ओढला जातो, बंद केल्यावर परततो. हललाच नाही तर आधी व्हॅक्यूमची नळी तपासा, टर्बो नंतर. स्कॅनर जवळ असेल तर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब हे दोन आकडे चढावर शेजारच्याला वाचायला सांगा. उभ्या गाडीत ते बघण्यात अर्थ नाही.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: ब्रेक जॅम. एखादं चाक धरून असेल तर इंजिन सतत चढ चढल्यासारखं राबतं आणि सपाटीलाही काळं ओकतं. चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एक वेगळंच तापलेलं असलं तर समजा.

एवढं सगळं स्वच्छ निघालं तरच इंजेक्टर. धुरासोबत टक-टक असा ठोका, आयडललाही राखाडी धूर आणि एखादा सिलिंडर अडखळणं या खुणा एकत्र असतील तर संशय पक्का. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत पंपावरचं सील तुटलेलं दिसलं तर कुणीतरी पिकअपच्या हौसेनं डिझेल वाढवून ठेवलंय असं समजा.

मेकॅनिकल पंप असेल तर कामचुकार सिलिंडर शोधायची सोपी रीत आहे. हातमोजे आणि चष्मा घालून, आयडलवर इंजेक्टरच्या पाइपाचा नट एकेक करून किंचित सैल करायचा. ज्याच्यामुळे इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. ज्याच्यामुळे धूर थांबतो तो धुराचा मालक. कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका. तिथे आयडलवरच शेकडो बारचा दाब असतो आणि रेस दिल्यावर तो हजाराच्या वर जातो. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतलं मांस मरतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल.

कॉमन रेलला रिटर्नची चाचणी करतात: चारही इंजेक्टरांचं परतणारं डिझेल चार सारख्या बाटल्यांत काही मिनिटं गोळा करायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला. पण चारही सारख्या भरल्या म्हणून सगळे नॉझल चांगले असं होत नाही. थेंब गाळणारं नॉझल या चाचणीत सुटतं, ते टेस्ट बेंचवरच पकडलं जातं. माझे दोन नॉझल बदलले ते मात्र यातली एकही चाचणी न करता.

निळा धूर, आणि टर्बोवरचा आळ

थांबून निघताना निळा लोट येतो, मग कमी होतो: टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्ह सील. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या सेल्फला एक निळी फुंकर आणि मग स्वच्छ: व्हॉल्व्ह सील, आणि ती घाईची गोष्ट नाही. ओझ्याखाली सतत निळा, ऑइलही उतरतंय: पिस्टनच्या रिंगा. ‘उतारानंतर निळा म्हणजे व्हॉल्व्ह सील’ हा पेट्रोल गाडीचा नियम डिझेलला तसाच लावू नका. बहुतेक जुन्या डिझेलमध्ये हवा अडवणारा थ्रॉटल नसतो, त्यामुळे पाय काढल्यावर मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखी ओढ तयार होत नाही.

इंजिन डाउन करायच्या गोष्टी सुरू होण्याआधी दोन फुकटच्या तपासण्या करा. पहिली डिपस्टिक. ऑइल कमाल खुणेच्या वर असेल तर क्रँक ते घुसळते आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ते जळायला जातं. आणि कुणी न भरता पातळी वाढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, गाडी चालवणं थांबवा.

दुसरी तपासणी ब्रीदरची. आयडलवर ऑइलचं झाकण उघडून भोकावर उलटं ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि भसाभसा धूर येत असेल तर त्याला लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात आणि थेट रिंगांवर शिक्कामोर्तब करतात. थांबा. ब्रीदरची नळी आणि तिची जाळी चिखलानं तुंबली असेल तरी हेच दिसतं. आतला दाब वाढला की टर्बोतून खाली उतरणारं ऑइल उतरू शकत नाही, सीलमधून बाहेर पडतं आणि बिचारा टर्बो बदलला जातो. नवा टर्बोही महिन्याभरात तसंच करतो. आधी ब्रीदर आणि टर्बोची ऑइल परतीची नळी साफ करा, मग पुन्हा झाकण ठेवून बघा.

इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, त्यानं घाबरू नका. पाइप वाकडा केल्यावर ऑइल सांडलं तर मात्र घाबरा. टर्बोचा दांडा हातानं वर-खाली जरासा हलला तर चालतं, आत-बाहेर जाणवण्याइतका हलला किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो संपला. त्यानं भसकन ऑइल सोडलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम धावायला लागतं आणि की काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गिअर असेल तर सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. ऑटोमॅटिक असेल तर लांब जा. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं धरू नका.

न थांबणारा पांढरा

वीस मिनिटं चालवून, इंजिन पूर्ण गरम होऊनही पांढरा धूर येतोय, डोळ्यांना झोंबत नाही, वास किंचित गोडसर आहे आणि कुलंटची टाकी उतरतेय. हेड पॅकिंग (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, असं सगळेच म्हणतील, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. टाकीत बुडबुडे आणि गाडी बंद करून बऱ्याच वेळानंही दगडासारखे कडक पाइप या त्याच्या खुणा. पण ईजीआरला पाण्यानं थंड होणारा कूलर असेल तर आधी तो तपासा. तो आतून फुटला की कुलंट थेट इनटेकमध्ये जातं, बाहेर थेंब नाही, ऑइलही दुधाळ होत नाही, आणि कित्येक हेड विनाकारण उतरवली जातात. गार इंजिनावर कुलंट सिस्टिमला पंपानं झाकणावर लिहिलेल्या दाबाएवढा दाब देऊन ठेवा. दाब उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल तर कूलर बाजूला काढून वेगळा तपासा. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

दुरुस्तीनंतरचे दोन दिवस

दोष निघाला तरी धूर लगेच थांबेल असं नाही. सायलेन्सरमध्ये जुनी काजळी असते, ऑइलचा दोष असेल तर इंटरकूलरच्या तळाशी ऑइलचं डबकं असतं. टर्बो बदलताना इंटरकूलर उतरवून रिकामा केला नाही तर नवा टर्बोही निळा धूर मारताना दिसतो आणि पुन्हा त्याच्यावरच आळ येतो. तो रिकामा करून घ्या. मग त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, आधीच्या नोंदीशी ताडून बघा.

माझ्या गाडीत नवा पाइप बसवला त्या संध्याकाळी मी तोच चढ चढलो आणि आरशात काळा पट्टा दिसला. हाय-प्रेशर पंप उतरवायचा असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी मित्राला मागच्या गाडीत बसवून पुन्हा चढलो. तो म्हणाला, पहिल्या वळणापर्यंत काजळीचे कण उडत होते, त्यानंतर काही नाही. तिसऱ्या दिवशी कणही उडाले नाहीत. पंप अजून जागच्या जागी आहे.